दयाळ थंडीत गातच नाही का?

रानवाट:
खिडकीसमोर दयाळ पक्ष्यांची जोडी आहे. उन्हाळ्यात नर पहाटे अंधारातच सुरू व्हायचा, झाडाच्या अगदी शेंड्यावर बसून इतकं सुंदर गायचा की झोपमोड झाली तरी चालायचं. पण आता थंडीत नुसता झुडपाखाली दिसतो, मधूनच चर्र चर्र करतो आणि गायब. आजारी असेल का? की हा दुसराच पक्षी आहे?

पक्षीवेडा:
तोच आहे आणि ठणठणीत आहे, काळजी नको. दयाळ स्थलांतर करत नाही, वर्षभर आपल्याच इलाक्यात असतो. ते गाणं मुख्यतः विणीच्या हंगामाचं, म्हणजे साधारण मार्च ते जुलै. दिवस मोठा होऊ लागला की शरीरात हार्मोन्स वाढतात आणि मग नर उंच जागा धरून गातो, मादीला बोलावायला आणि दुसऱ्या नरांना ही जागा माझी म्हणून सांगायला. हंगाम संपला की त्याची गरजच उरत नाही, मग गडी लाजरा होतो, झुडपात लपून किडे टिपतो. चर्र हा धोक्याच्या इशाऱ्याचा किंवा चिडल्याचा आवाज. कान दिलात तर एक बारीक, केविलवाणी स्वीऽऽ अशी शीळपण ऐकू येईल.

सांजवेळ:
आणि मादी नीट बघून घ्या, नर जिथे काळा तिथे ती राखाडी असते, सावलीत पटकन कळत नाही. घरटं मुख्यतः तीच बांधते, झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या भोकात, अंडीपण तीच उबवते. पिल्लांना भरवायला मात्र दोघं. मला सगळ्यात आवडतं ते नराचं गाणं फार लक्ष देऊन ऐकायला, कारण मधेच तो दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल घुसवतो.

रानवाट:
वा, खूप बरं वाटलं! अजून एक, उन्हाळ्यात दोन काळे नर समोरासमोर पिसं फुलवून, चोच वर करून, शेपटी पसरून ताठ चालत होते, ते काय?

पक्षीवेडा:
हद्दीचं भांडण! बहुतेक वेळा असा रुबाब दाखवूनच मिटतं. फेब्रुवारीपासून पहाटे कान उघडे ठेवा, आधी तुटक तुटक गाईल, मग रंगेल. आणि ढोली असलेलं जुनं झाड असेल तर प्लीज तोडू देऊ नका, ते नसेल तर घरट्यासाठी लाकडी पेटी लावा, दयाळ त्यात राहतो.