एन-एट-एन या ऑटोमेशन सॉफ्टवेअरच्या वर्कफ्लोत कोणी काय बदललं, याची नोंद कशी ठेवता?

मस्जिदबंदर_बिलिंग
नमस्कार मंडळी. मस्जिद बंदरला सुकामेव्याच्या एका घाऊक पेढीचं बिलिंग मी बघते. ईमेलने आलेली ऑर्डर शीटमध्ये पडते, तिथून बिल, मग गोदामाला निरोप. सगळं एन-एट-एनवर, डॉकर आमचाच, म्हणजे सर्व्हर आम्हीच चालवतो, अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये. लॉगिन एकच, हात तिघांचे. 22 सप्टेंबर 2025 पासून बदाम-पिस्त्यांचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, तेव्हा कोड नोडमधले (वर्कफ्लोच्या कोड लिहायच्या टप्प्यातले) दर बदलले होते. गेल्या आठवड्यात कुणीतरी जुनी कॉपी उघडून तिच्यात दुसरीच दुरुस्ती केली आणि तीच चालू केली. बिलं पुन्हा 12 टक्क्यांनी गेली. व्यापाऱ्यांचे फोन आले तेव्हा कळलं. वरच्या प्लॅनमध्ये गिटची (फाइलच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाची) सोय आहे, पण शेठ तेवढा खर्च करणार नाहीत. तुम्ही काय करता?

परळचा_सर्व्हरवाला
ताई, सर्व्हर तुमच्या हातात आहे, म्हणजे अर्धं काम झालंय. वर्कफ्लो म्हणजे शेवटी जेसनची, म्हणजे साध्या मजकुराची फाइल. एक्स्पोर्टच्या कमांडला 'ऑल' आणि 'सेपरेट' दिलं की प्रत्येक वर्कफ्लोची वेगळी फाइल पडते. रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीने) ती कमांड चालवा आणि बदल असेल तर गिटमध्ये कमिट करा, म्हणजे नोंदवा. एवढं आजच करा.

फक्त फाइल निघाली तशी रिपोत, म्हणजे गिटच्या साठ्यात, ढकलू नका. टेस्टिंगसाठी पिन केलेला (नोडवर साठवून ठेवलेला) डेटा फाइलबरोबर बाहेर येतो. ग्राहकाचं नाव, मोबाइल, जीएसटीआयएन, सगळं! कमिटच्या आधी जेक्यूने (जेसन छाटायच्या कमांडने) तो भाग उडवाच. कर्लची कमांड चिकटवून बनवलेल्या एचटीटीपी नोडच्या (दुसऱ्या सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्या टप्प्याच्या) हेडरमध्ये टोकन, म्हणजे गुप्त किल्ली, राहिलंय का, तेही बघा.

शिवाय नोड नुसता इकडचा तिकडे सरकवला तरी त्याची पोझिशन जेसनमध्ये बदलते. त्या आकड्यांच्या गर्दीत 5 चं 12 झालेलं कुणाला दिसणार? पोझिशन मूळ फाइलमध्ये राहू द्या, डिफ, म्हणजे दोन आवृत्त्यांतला फरक, दाखवताना तेवढी गाळा. गिटच्या टेक्स्टकॉन्व्ह सेटिंगने ते जमतं.

कोणी बदललं, हे मात्र रात्रीच्या कमिटवरून कळणार नाही. त्यासाठी चालू सर्व्हरला एकानेच हात लावायचा, बाकीच्यांनी टेस्टच्या सर्व्हरवर काम करायचं. आणि कमिट मेसेजमध्ये कारण हवं. नुसतं 'अपडेट' लिहिलेलं मला अजिबात चालत नाही.

जीएसटी_गिरगाव
दर कोडमध्ये ठेवताच कशाला? एचएसएन (मालाचा जीएसटी कोड), दर, कधीपासून लागू, असा तक्ता करा आणि बिलाच्या तारखेवरून दर उचला. जादा कर लावलेल्या बिलांच्या क्रेडिट नोटा काढल्यात ना?

मस्जिदबंदर_बिलिंग
हो, क्रेडिट नोटा चालू आहेत. तक्त्याचं पटलं. पण पासवर्ड आणि एपीआय की पण गिटमध्ये जातील का? आणि जुनी आवृत्ती परत आणायची कशी?

परळचा_सर्व्हरवाला
वर्कफ्लोच्या फाइलमध्ये क्रेडेन्शियलचं (साठवलेल्या लॉगिनचं) नाव आणि आयडी जातो, पासवर्ड नाही. परत आणायला इम्पोर्ट. आयडी तोच असेल तर चालू वर्कफ्लोवर ती फाइल चढते आणि वर्कफ्लो बंद होतो. आठवणीने पुन्हा चालू करा, नाहीतर ऑर्डरी पडून राहतील. आणि एन्क्रिप्शन की (जिने ते पासवर्ड कुलूपबंद होतात) गिटमध्ये नको, पण सर्व्हरच्या बाहेर कुठेतरी जपून ठेवाच. सर्व्हर बसला आणि ती की हाताशी नसली, तर डेटाबेसचा बॅकअप असूनही एकही क्रेडेन्शियल उघडणार नाही.