सतरा वर्षांचा फरक

टॉल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवरील चित्रपटातून टॉम बॉम्बाडिल हे पात्र वगळल्याने कथानकाला धक्का लागत नाही, आणि एवढे सोडल्यास दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी पहिला भाग कादंबरीबरहुकूम ठेवला, असे एक मत मांडले जाते. त्यातले पहिले विधान मला मान्य आहे, परंतु दुसरे पटत नाही. माझ्या मते सर्वांत मोठा बदल काळाच्या हिशेबात आहे. कादंबरीत बिल्बोच्या १११व्या वाढदिवशी त्याचा वारस आणि कथेचा नायक फ्रोडो ३३ वर्षांचा होतो, म्हणजे हॉबिटांच्या (दोघे ज्या बुटक्या, काल्पनिक जमातीचे आहेत तिच्या) रीतीप्रमाणे नुकताच सज्ञान होतो, आणि तो प्रत्यक्ष घर सोडतो तोपर्यंत १७ वर्षे लोटून त्याने पन्नाशी गाठलेली असते. बिल्बोही आपल्या साहसाला निघाला तेव्हा पन्नाशीचाच होता. २००१च्या चित्रपटात मात्र हा सारा काळ काही प्रसंगांत आटोपतो आणि फ्रोडो कोवळा तरुणच राहतो.

पुण्यात आमच्या वाचनगटात ही कादंबरी घेतली होती, तेव्हा चित्रपट आधी पाहिलेल्या बहुतेकांना फ्रोडोने घर विकून टाकल्याचा प्रसंग अनपेक्षित वाटला. स्थिरावलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाने राहते घर विकणे, तेही न आवडणाऱ्या नातेवाइकांना, यात जो त्याग आहे तो साहसाला निघालेल्या मुलाच्या निरोपात येऊच शकत नाही. वेग साधण्यासाठी ही काटछाट आवश्यक होती, हे मी समजू शकतो. तरीही फ्रोडोच्या व्यक्तिरेखेचे वजन तिथेच कमी झाले, असे मला ठामपणे वाटते.