शिंकलं की थेंब, दारात आलं की घाई... गोळीशिवाय काही इलाज आहे का?

अबोली४७
मैत्रिणींनो, हे विचारू की नको यात चार दिवस गेले, आता विचारतेच. वय ४७, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, शाळेत शिकवते. दोनेक वर्षं झाली शिंक आली किंवा जोरात हसले की लघवीचे थेंब गळतात, आणि गेल्या पावसाळ्यापासून वेगळंच सुरू झालंय, घराच्या कुलपाला किल्ली लावली की इतक्या जोरात लागते की चपला काढेपर्यंत धीर धरवत नाही. एसटीने जायचं असेल तर सकाळपासून पाणीच पीत नाही. लघवी तपासली, शुगर तपासली, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी गोळी दिलीय पण तिने तोंड इतकं कोरडं पडतं की वर्गात बोलवत नाही. सासूबाई म्हणतात बायकांना या वयात हे असायचंच. खरंच असायचंच का?

फिजिओताई
अबोलीताई, अजिबात नाही. खूप जणींना होतं हे खरं, पण म्हणून सोसत बसायचं असं नाही. मी फिजिओ आहे, याच त्रासाच्या बायका रोज बघते. तुम्हाला दोन्ही प्रकार एकत्र आहेत, शिंकल्यावर गळणं वेगळं आणि अचानक घाई होणं वेगळं, आणि दोन्हीला व्यायाम लागू पडतो.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, ती बाळंतपणात ताणली जाते. वायू सरायला नको म्हणून आपण जसं आवळून धरतो ना, तसं आवळून आत आणि वर ओढायचं, पोट, मांड्या, कुल्ले ढिले, श्वास चालू. ८ वेळा, दिवसातून ३दा, आणि किमान ३ महिने. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देतात तिथेच सगळं फसतं. पुष्कळ बायका आवळायच्या ऐवजी खाली जोर देतात आणि ते उलट वाईट, म्हणून एकदा तरी तपासून घ्या. आणि लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज व्यायाम करू नका, तसं कुठेतरी वाचून करतात. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. याची सवय लागली की बराच फरक पडतो.

सातारची_माई
मला घाईचाच त्रास होता गं, वय ६१. तीन दिवस वहीत लिहायला लावलं, कधी गेले, किती प्याले, कधी गळलं. तेव्हा कळलं की दिवसाला सहा कप चहा होतोय आणि मी तासातासाला उगाचच जाऊन येत होते. चहा दोनवर आणला. मग दीड तासाने जायचं, आठवड्याने त्यात पंधरा मिनिटं वाढवायची असं करत तीन तासांवर आले, दीड-दोन महिने लागले. कळ आली की पळायचं नाही, पळालं की हमखास गळतं, आहे तिथे उभं राहून किंवा टेकून पाचसहा वेळा पटपट आवळायचं, कळ ओसरली की सावकाश चालत जायचं. तू दारातच हे कर, किल्ली लावायच्या आधी. आणि पाणी तोडू नकोस, लघवी घट्ट झाली की लघवीची पिशवी अजूनच चिडते आणि पोटही साफ होत नाही, कुंथलं की खालच्या स्नायूंवर ताण येतो तो वेगळाच.

अबोली४७
माई, फिजिओताई, वाचताना डोळ्यात पाणी आलं, मला वाटायचं मी एकटीच. वजन ७८ आहे, त्याचाही संबंध असतो का? आणि व्यायामाने नाहीच जमलं तर पुढे थेट ऑपरेशनच का?

फिजिओताई
वजनाचा नक्कीच असतो, पोटाचा भार थेट पिशवीवर येतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात वजन साधारण ८ टक्के उतरलेल्या बायकांचं गळणं निम्म्याच्या आसपास कमी झालं होतं, म्हणजे तुमच्या बाबतीत सहाएक किलो. आणि थेट ऑपरेशन नाही हो, मध्ये बरंच काही आहे. घाईसाठी घोट्याजवळच्या नसेला बारीक सुईतून सौम्य करंट देतात, आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे १२ आठवडे. शिंकल्यावर गळण्यासाठी योनीमार्गात बसवायची सिलिकॉनची रिंग मिळते, ती गायनॅक मापाने बसवून देतात. पण आधी व्यायाम. गोळी मनाने बंद करू नका, तोंड कोरडं पडतंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि कधी लघवीत रक्त दिसलं, जळजळ झाली किंवा लघवी अडली तर व्यायाम करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

सातारची_माई
वही आजच घाल गं. तीन दिवसांनी इथे लिही काय निघालं ते, आपण बघू.