मदत हवी आहे : मोटार मेकॅनिकचं कोणतं सर्टिफिकेट चालतं?

नमस्कार मंडळी. भाचा यंदा दहावी झाला, गाड्यांचं भयंकर वेड. आयटीआयचा मोटार मेकॅनिक ट्रेड २ वर्षांचा, पास झाल्यावर केंद्र सरकारचं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट. पण जवळची एक खासगी संस्था म्हणते, काही महिन्यांत एएसडीसीचं सर्टिफिकेट देतो, वर इलेक्ट्रिक गाड्याही शिकवतो. एएसडीसी ही वाहन उद्योगाचीच कौशल्य परिषद, म्हणजे नाव खरं आहे. पण ही संस्था तिच्याशी खरंच संलग्न आहे का, हे कुठे तपासायचं? फीची पावती मागितली की टाळाटाळ. तिथेच मनात पाल चुकचुकली.

सर्व्हिस सेंटरला भरती करणारे कुणी असाल तर सांगा, तुम्ही कागद बघता की हात? आणि आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप केली तर पगारात फरक पडतो का? प्रवेशाची मुदत जवळ आलीय.