मदत हवी आहे: चिऱ्यातली भोकं लाव्हाची असतात का?

कुडतरीची_सून:
मुलगा नववीत आहे. 'आपल्या भागातले दगड' असा प्रकल्प घेतलाय आणि बाल्कनीत सध्या पाय ठेवायला जागा नाही. घोडं अडलंय दोन दगडांवर.

पहिला, जुन्या कुंपणातला चिरा. मुलाचं म्हणणं, लाव्हातून वायू सुटताना बुडबुडे राहिले, म्हणून भोकं. क्लासमधल्या सरांनीही त्याला हेच सांगितलं म्हणे. मला पटत नाही. ओला चिरा उचलला की हात लाल होतात, आणि खणून काढताना मऊ असतो, नंतर उघड्यावर कडक होतो असं आमचा गवंडी सांगायचा. लाव्हा असा वागेल?

दुसरा घोळ मोठा. दक्षिण गोव्यात पाळोळ्याकडे किनाऱ्यावर नखाएवढ्या फिकट स्फटिकांचा ग्रॅनाइट आहे. त्यातून हातभर रुंदीचा काळा पट्टा आरपार गेलाय. मध्यावर भिंगातून कण दिसतात, कडेला मात्र पाटीसारखा गुळगुळीत. पुस्तकात आहे की मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, जमिनीखाली सावकाश थंड झाला तर मोठे स्फटिक, बाहेर पटकन झाला तर बारीक. मग ग्रॅनाइटच्या पोटात असून हा बारीक कसा? दोन्ही एकाच मॅग्माचे का? सोमवारी द्यायचंय, कुणीतरी सांगा.

सत्तरीकर:
चिऱ्याचं तुमचं बरोबर, सरांचं चूक. चिरा म्हणजे जांभा. मूळ दगड कोणताही असो, लाखो पावसाळ्यांत तो कुजतो, सिलिका (वाळूतला मुख्य घटक) आणि क्षार धुऊन जातात, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. भोकं त्या झिजेची. लाव्हाचे बुडबुडे गोल किंवा लांबट आणि बहुधा सुटे असतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडात, ते पांढऱ्या खनिजाने भरलेलेही सापडतात. चिऱ्यातली बिळं वाकडीतिकडी, एकमेकांत शिरलेली, आत माती. काडी घालून बघा.

धोंडेमामा:
ताई, काळा पट्टा म्हणजे भित्ती, इंग्रजीतला डाइक. ग्रॅनाइट केव्हाच गार होऊन बसला होता. त्याला भेग पडली आणि बेसाल्टचा मॅग्मा आत घुसला. गार भिंतीला टेकला तिथे स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही, मध्ये थोडा मिळाला. खोली नुसतं निमित्त, खरा हिशेब थंड व्हायच्या वेगाचा.

मॅग्मा एक नाही. पाळोळें ज्या तालुक्यात येतं त्या काणकोणचा ग्रॅनाइट दोन अब्ज वर्षांहून जुना. गोव्यातल्या काही भित्तींचं वय मात्र ६ कोटी ३० लाखांच्या आसपास निघालंय, दख्खनच्या लाव्हाच्या मागोमागचं. घटकही वेगळे: ग्रॅनाइटमध्ये सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास, बेसाल्टमध्ये ५०. सिलिका वाढली की मॅग्मा चिकट. घरचं उदाहरण द्या त्याला: पेज उकळताना बुडबुडा सहज वर येऊन फुटतो, दोदोल (गूळ-नारळाची घट्ट मिठाई) आटत आला की वाफ कोंडते आणि फटकन अंगावर उडतो. अंदमानातल्या बॅरन बेटावर बेसाल्टचा लाव्हा ओघळतो; १९९१ साली फिलिपिन्सच्या पिनातुबोमध्ये चिकट मॅग्मात वायू कोंडले आणि प्रचंड स्फोट होऊन डोंगराचा माथाच खचला. ग्रॅनाइट म्हणजे तसलाच चिकट मॅग्मा, फक्त वर न येता खालीच थिजलेला.

कुडतरीची_सून:
देव बरें करूं! काडी एका भोकातून घातली, ती कोपऱ्यातून बाहेर आली, सोबत चिमूटभर लाल माती. आता मुलगा हातोडा घेऊन पाळोळ्याला निघालाय. भित्तीचा तुकडा न फोडता नुसता फोटो लावला तर प्रकल्पात चालेल ना?

धोंडेमामा:
फोटोच लावा. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून काढा, आणि कड आणि मध्य असे दोन वेगळे.