क्रॉसविंड लँडिंगबद्दल मदत हवी आहे
पायलट मंडळी, जरा समजावून सांगा ना. माझा भाचा सेसना १७२ या छोट्या विमानावर शिकतोय, त्याच्या बॅचच्या एका पोराचं विमान आडव्या वाऱ्यात टेकताना उसळलं, मग नाकावर आपटलं, पुढचं चाक मोडलं, प्रोपेलर रनवेला घासला, पोरगा धडधाकट आहे हे नशीब. वारा म्हणे रनवेला ३० अंश तिरका, २० नॉट (नॉट म्हणजे वेगाचं माप, तासाला साधारण १.८५ किमी), गस्ट म्हणजे मधूनच येणारा झोत २८, म्हणजे आडवा भाग जास्तीत जास्त १४ च निघतो ना, आणि मॅन्युअलमध्ये आडवा वारा १५ नॉट डेमॉन्स्ट्रेटेड (म्हणजे चाचणीत तेवढ्यात उतरवून दाखवलेलं) लिहिलंय, मग झालं कसं? भाचा म्हणतो उसळल्यावर त्या पोरानं कंट्रोल पुढे ढकलला तिथेच घोळ, सरळ गो-अराउंड मारायचा, म्हणजे न उतरता पॉवर देऊन पुन्हा वर जायचं. गस्ट असताना ॲप्रोच स्पीड (उतरायला येतानाचा वेग) किती वाढवता, निम्मा गस्ट फॅक्टर (गस्ट आणि एरवीच्या वाऱ्यातला फरक) पुरतो का? आणि क्रॅब (नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं येणं) सोडून वाऱ्याकडचा पंख खाली नेमका कधी घ्यायचा? ताई जाम घाबरलीय, तिला काय सांगू तेही सुचवा.