संगीतात बी.ए. करावं, की बी.कॉम. करून गाणं शिकावं?

मध्यलय: भाची बारावी झाली, गाण्यातली विशारदची परीक्षाही झाली. आता पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गायनाची पदवी करायची म्हणते. घरच्यांचं एकच पालुपद, "बी.कॉम. कर, संध्याकाळी क्लास आहेच." मला हे अजिबात पटत नाही. अठरा ते एकवीस ही गळा तयार करायची वर्षं. दिवसभर हिशेबाची पुस्तकं आणि रात्री दमून तासभर यमन राग, यातून मैफलीचं गाणं उभं राहत नाही. पदवीला गेली तर निदान दिवसाचे चांगले तास गाण्याला मिळतील. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा घराण्याबाहेरच्या मुलांना गाण्याचं दार उघडलं. ते दार आपणच का लावून घ्यायचं?

खर्ज: विष्णु दिगंबर स्वतः घडले ते मिरजेला त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपुढे बसून. भीमसेन जोशी कुंदगोळला गुरू सवाई गंधर्वांकडे राहिले. ख्याल, म्हणजे रागाची मुख्य बंदिश विस्तारून गाणं, नीट मांडायलाच अर्धा तास जातो. एका तासिकेत दहा मुलं असली तर कुणाचा स्वर कुठे हलतोय हे कोण ऐकणार? वर सेमिस्टरला ठरलेले राग 'पूर्ण' करायचे. तोडीसारखा एकच राग सहा महिने घोटायची मुभा अभ्यासक्रम देत नाही. आणि दुसरी पदवी आड येते म्हणता, तर गायिका प्रभा अत्रे विज्ञान आणि कायद्याच्या पदवीधर होत्या. गायक वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात कित्येक वर्षं नोकरी करत गायले.

मध्यलय: वसंतराव नोकरी असूनही गायले, नोकरीमुळे नव्हे. तेवढी ताकद प्रत्येक मुलीकडून कशी मागायची? प्रभाताईंनी तर पुढे संगीतात डॉक्टरेट केली, एसएनडीटीत संगीत विभाग सांभाळला. विद्यापीठातलं संगीत त्यांनी कमी लेखलं नाही. राहिली तासिका. ललित कला केंद्राला गुरुकुल म्हणतात ते उगाच नाही, तिथे गुरूंकडून तालीम मिळते.

सांगलीची गायिका: मी घरी क्लास घेते, म्हणून पोटाचं बोलते. शाळेत संगीत शिक्षकाची कायम जागा मिळणं फार अवघड. तासिका तत्त्वावर मिळालं तर त्यात घरभाडं निघत नाही. ज्या घरात पुढची सात-आठ वर्षं मुलीला सांभाळायची ऐपत आहे, तिथे जरूर पाठवा. नसेल तर मी तरी पाठवू नका म्हणेन. दुसरं, विशारद झालंय म्हणून पदवी नको, असंही कुणी सांगेल. त्यांचं ऐकू नका. कॉलेजात कायम शिकवायचं तर एम.ए. लागतं, आणि सहसा नेट किंवा सेट ही प्राध्यापकाची पात्रता परीक्षाही. एम.ए.ला आधी पदवी हवीच.

तबलजी: @खर्ज, गुरूकडे तालीम होईलही, पण साथ कुठे मिळणार? पदवीच्या वर्गात गायक, तबलजी, पेटीवाला एकाच वयाचे भेटतात. रोज एकत्र बसून विलंबित, म्हणजे संथ एकतालात सम (तालाची पहिली मात्रा) गाठायची सवय लागते. एकट्यानं ॲपवरच्या ठेक्याबरोबर गाणाऱ्या मुलांची लय जिवंत साथीला लगेच डगमगते, हे मी साथीला बसल्यावर नेहमी बघतो.

खर्ज: साथीचा मुद्दा मान्य. तरी विरोध कायम. केंद्रात सकाळ-संध्याकाळ तिला समोर बसवून कोण शिकवणार आहे, ते आधी जाऊन विचारा. इमारत, हॉस्टेल, फी नंतर बघा.

मध्यलय: पुढच्या आठवड्यात तिला घेऊन जातोय. दोन तास वर्गात मागे बसू द्याल का, असंही विचारणार आहे.